पाहणारे डोळे आणि पाहिली जाणारी ॲना : जो राइट यांचा 'ॲना कॅरेनिना' (२०१२)

प्रस्तावना

गाजलेल्या कादंबरीवरचा चित्रपट पाहून आपण बाहेर पडतो तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो : पुस्तक चांगले की चित्रपट? परीक्षेतील उत्तरेही पुष्कळदा याच वाटेने जातात. चित्रपटात कोणते प्रसंग गाळले, कोणती पात्रे वगळली, शेवट कसा बदलला याची यादी दिली जाते आणि शेवटी 'मूळ कलाकृतीची सर आली नाही' असे वाक्य येते. अशी यादी हाताशी असावी, पण तिला समीक्षा म्हणता येत नाही. आठ भागांची कादंबरी सव्वादोन तासांत मांडायची तर काहीतरी गाळावेच लागते. जे गाळले त्यामुळे कथेचा अर्थ कोणत्या दिशेने वळला, हा खरा प्रश्न आहे.

प्रस्तुत घटकात आपण लिओ टॉलस्टॉय यांच्या 'ॲना कॅरेनिना' या कादंबरीवर आधारित इंग्रजी चित्रपटाचा विचार करणार आहोत. जो राइट दिग्दर्शित हा चित्रपट २०१२ साली प्रदर्शित झाला. पटकथा नाटककार टॉम स्टॉपर्ड यांची आहे. किरा नाइटली (ॲना), ज्यूड लॉ (कॅरेनिन), ॲरन टेलर-जॉन्सन (व्रॉन्स्की), डॉम्नल ग्लीसन (लेव्हिन) आणि ॲलिसिया विकँडर (किटी) यांच्या प्रमुख भूमिका आहेत. लेव्हिनचा भाऊ निकोलाय याची सोबतीण माशा ही छोटी भूमिका आपल्याकडील अभिनेत्री तनिष्ठा चॅटर्जी यांनी केली आहे. छायालेखन, कलादिग्दर्शन, संगीत आणि वेशभूषा अशी चार ऑस्कर नामांकने चित्रपटाला मिळाली आणि वेशभूषेचा पुरस्कार जॅकलिन ड्युरन यांना मिळाला.

कादंबरी वाचलेली नसली तरी हा घटक समजावा, म्हणून आवश्यक तेवढे कथानक पुढे दिले आहे.

१. प्रेमकथेतील अडथळा

प्रत्येक प्रेमकथेत एक अडथळा असतो. दोन माणसे एकमेकांवर प्रेम करतात आणि काहीतरी त्यांच्या आड येते. जात, पैसा, घराणे, युद्ध, आजार, पूर्वीचे लग्न, कधी त्या दोघांचे स्वभावही. हा अडथळा कोणता, हे लेखक किंवा दिग्दर्शक ठरवतो तेव्हा त्या कथेचा अर्थही बऱ्याच प्रमाणात ठरून जातो.

याचे एक बोलके उदाहरण याच कादंबरीच्या चित्रपट-इतिहासात सापडते. १९२७ साली हॉलिवूडमध्ये 'लव्ह' नावाचा मूकपट निघाला. त्यात ग्रेटा गार्बो यांनी ॲनाची भूमिका केली होती. या मूकपटाचे दोन शेवट तयार करण्यात आले. एका शेवटात ॲना कादंबरीप्रमाणे आत्महत्या करते. अमेरिकेतील चित्रपटगृहांसाठी केलेल्या दुसऱ्या शेवटात कॅरेनिनचा मृत्यू होतो आणि प्रेमिक पुन्हा एकत्र येतात. हा सुखान्त ऐकून आज हसू येते. पण त्यामागचा तर्क सरळ आहे. अडथळा म्हणजे केवळ नवरा असेल, तर नवरा गेल्यावर अडथळाही जातो. सुखान्त लिहिणाऱ्याने कादंबरीचा एक स्पष्ट अर्थ लावला होता. तो फार तोकडा होता, इतकेच.

पुढे गार्बो यांनीच १९३५ च्या बोलपटात ही भूमिका पुन्हा केली. त्यानंतर १९४८ साली व्हिव्हियन ली, १९६७ च्या सोव्हिएत चित्रपटात तात्याना सामोयलोवा आणि १९९७ साली सोफी मार्सो यांनी ॲना साकारली. दर वेळी दिग्दर्शकासमोर तोच प्रश्न होता : ॲना का मरते? जो राइट यांचे उत्तर आणि टॉलस्टॉय यांचे उत्तर कुठे जुळते आणि कुठे वेगळे होते, हा या घटकाचा विषय आहे.

२. कादंबरीचे कथानक आणि तिचा काळ

ही कादंबरी १८७५ ते १८७७ या काळात 'रुस्की वेस्तनिक' या नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. शेवटचा आठवा भाग मात्र संपादक कातकोव्ह यांनी छापला नाही. सर्बियातील युद्धासाठी जाणाऱ्या रशियन स्वयंसेवकांविषयी टॉलस्टॉय यांनी त्यात मांडलेली मते त्यांना मान्य नव्हती. टॉलस्टॉय यांनी तो भाग स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला.

पीटर्सबर्गमधील बड्या सरकारी अधिकाऱ्याची, कॅरेनिनची, पत्नी ॲना आपल्या भावाचा मोडू पाहणारा संसार सावरायला मॉस्कोला येते. भाऊ ऑब्लॉन्स्की याने पत्नी डॉलीची फसवणूक केलेली असते. स्टेशनवर ॲनाची गाठ व्रॉन्स्की या तरुण लष्करी अधिकाऱ्याशी पडते. त्याच वेळी रेल्वेचा एक कामगार गाडीखाली सापडून मरतो. डॉलीची धाकटी बहीण किटी व्रॉन्स्कीच्या मागणीची वाट पाहत असते. त्या भरात तिने लेव्हिन या जमीनदाराला नकार दिलेला असतो. व्रॉन्स्की मात्र ॲनाकडे ओढला जातो. पुढे ॲना नवरा आणि मुलगा सेर्योझा यांना सोडून व्रॉन्स्कीबरोबर राहू लागते. दुसरीकडे किटी आणि लेव्हिन यांचे लग्न होते. या दोन कथा कादंबरीत शेजारी शेजारी चालतात.

येथे त्या काळातील कायदा लक्षात घ्यायला हवा. झारशाही रशियात घटस्फोट धर्मसंस्थेच्या अखत्यारीत होता. व्यभिचाराचा दोष ज्याच्यावर सिद्ध होई, त्याला पुन्हा लग्न करता येत नसे. ॲनाला व्रॉन्स्कीशी लग्न करायचे असेल तर कॅरेनिनने खोटाच दोष स्वतःवर घेणे आवश्यक होते. कादंबरीत एका टप्प्यावर तो त्यालाही तयार होतो आणि तेव्हा ॲनाच घटस्फोट नाकारते. नंतर ती घटस्फोट मागते, तेव्हा कॅरेनिन नकार देतो. कायदा, नवऱ्याचा मोठेपणा, त्याचा हट्ट आणि तिचा स्वतःचा निर्णय यांची अशी गुंतागुंत झालेली आहे. त्यामुळे एका माणसाकडे बोट दाखवून 'हा गुन्हेगार' असे म्हणण्याची सोय टॉलस्टॉय ठेवत नाहीत. सूड घेणे हे देवाचे काम आहे, या आशयाचे बायबलमधील वचन त्यांनी कादंबरीच्या आरंभी दिले आहे, तेही या संदर्भात ध्यानात ठेवावे.

३. चित्रपटाची मध्यवर्ती कल्पना : नाट्यगृह

राइट यांनी हा चित्रपट एका जुन्या नाट्यगृहात घडवला आहे. हे नाट्यगृह इंग्लंडमधील शेपर्टन स्टुडिओत उभारले होते. पडदा उघडतो आणि रशियातील उच्चभ्रू समाजाचे सारे जीवन रंगमंचावर, प्रेक्षागृहात, विंगेत आणि वरच्या दोरखंडांच्या माळ्यावर सुरू होते. ऑब्लॉन्स्कीची दाढी करणारा न्हावी बैलांच्या झुंजीतल्या खेळाडूसारखे कापड फिरवतो. कचेरीतील कारकून तालात शिक्के मारतात. बघता बघता कचेरी नाहीशी होते आणि त्याच जागी उपाहारगृह उभे राहते. लेव्हिन आपल्या गरीब, आजारी भावाला भेटायला जातो तेव्हा रंगमंचाच्या वरच्या माळ्यावर चढतो. समाजाच्या देखाव्यात ज्यांना जागा नाही, ती माणसे तेथे राहतात.

ही कल्पना केवळ शोभेसाठी नाही. रशियातील सरदारवर्ग पश्चिम युरोपचे अनुकरण करत होता. घरात फ्रेंच बोलायचे, पोशाख पॅरिसचा घालायचा आणि सतत कुणीतरी आपल्याकडे पाहत आहे अशा भानाने वागायचे. हा वर्ग जणू रंगमंचावर असल्यासारखा जगत होता, असा विचार इतिहासकार ऑर्लंडो फायजेस यांनी 'नताशाज डान्स' या ग्रंथात मांडला आहे. राइट यांना आपली कल्पना त्या ग्रंथातून सुचली. ड्युरन यांची वेशभूषाही याच विचाराला धरून आहे. पोशाखांची बाह्यरेषा १८७० च्या दशकातील आहे, पण त्यांच्या घडणीत १९५० च्या दशकातील पॅरिसच्या फॅशनची छटा मिसळली आहे. 'हुबेहूब जुना काळ' दाखवण्याचा हट्ट येथे मुळातच सोडून दिला आहे.

रशियन कथा आणि कृत्रिम नेपथ्य ही जोडी आपल्याला अपरिचित नाही. दोस्तोएव्हस्की यांच्या 'श्वेत रात्री' (१८४८) या दीर्घकथेवर लुकिनो व्हिस्कोन्ती यांनी १९५७ साली इटलीत चित्रपट केला, तो स्टुडिओत उभारलेल्या शहरात. त्याच कथेवर आधारित संजय लीला भन्साळी यांचा 'सावरिया' (२००७) निळ्या-हिरव्या प्रकाशातील संपूर्ण कल्पित शहरात घडतो. तुलना केल्यास फरक लगेच कळतो. 'सावरिया'मधील नेपथ्य हे नायकाचे स्वप्न आहे, त्याच्या मनाचा रंग आहे. राइट यांच्या चित्रपटातील नेपथ्य हे समाजाचे रूप आहे. तेथे कृत्रिमता मनाला आकार देते, येथे ती मनाला कोंडते.

४. तीन सार्वजनिक प्रसंग : कोण कुणाकडे पाहते?

नाट्यगृहाची कल्पना कुठे यशस्वी होते ते पाहण्यासाठी तीन प्रसंग घेऊ. तिन्ही प्रसंग कादंबरीत आणि चित्रपटात महत्त्वाचे आहेत.

पहिला प्रसंग नृत्यसमारंभाचा. कादंबरीत हा प्रसंग आपण किटीच्या डोळ्यांनी पाहतो. ॲना जांभळट पोशाखात येईल अशी तिची कल्पना असते. ती काळ्या मखमलीत येते आणि हाच रंग तिला सर्वांत शोभतो, हे किटीला कळून चुकते. पुढे व्रॉन्स्की आणि ॲना नाचत असताना किटीला दोघांच्या चेहऱ्यावर सगळे वाचता येते. चित्रपटात सिदी लार्बी शेर्कावी यांनी या नृत्याची रचना केली आहे. हातांच्या विलक्षण गुंफणीचे हे नृत्य आहे. बाकीची जोडपी पुतळ्यासारखी गोठलेली असतात. ॲना आणि व्रॉन्स्की ज्या जोडप्याजवळून जातात, ते जोडपे जिवंत होऊन नाचू लागते. काही क्षण तर सभागृह पूर्ण रिकामे होते आणि दोघेच उरतात. प्रेमात पडलेल्या माणसांना जग कसे दिसते, हे येथे एकही शब्द न वापरता सांगितले आहे. मग गर्दी परत येते, आणि त्या गर्दीत किटीचा चेहराही असतो.

दुसरा प्रसंग घोड्यांच्या शर्यतीचा. टॉलस्टॉय ही शर्यत दोनदा सांगतात. एकदा व्रॉन्स्कीबरोबर घोड्यावरून आणि दुसऱ्यांदा कॅरेनिनच्या बाजूने. दुसऱ्या वेळी कॅरेनिन शर्यत पाहतच नाही. तो ॲनाचा चेहरा पाहत असतो आणि त्या चेहऱ्यावर त्याला नको असलेले सत्य दिसते. राइट यांनी घोडे थेट नाट्यगृहात धावताना दाखवले आहेत. ॲनाच्या हातातील पंख्याची फडफड टापांच्या आवाजात मिसळते. व्रॉन्स्कीची घोडी रंगमंचावरून खाली कोसळते, ॲनाच्या तोंडून किंकाळी फुटते आणि सगळ्या माना तिच्याकडे वळतात. खेळ पाहायला आलेल्यांना दुसराच खेळ सापडतो. दोन वेळा सांगितलेली घटना एका दृश्यात आणण्याचे हे कौशल्य दाद देण्याजोगे आहे.

तिसरा प्रसंग ऑपेराचा. नवऱ्याला सोडून आलेली ॲना, व्रॉन्स्कीने विरोध केला तरी, सजून ऑपेराला जाते. तेथे शेजारच्या आसनकक्षातील एक स्त्री तिचा उघड अपमान करते. कादंबरीत हा प्रसंग आपण व्रॉन्स्कीच्या दुर्बिणीतून पाहतो. तो दुरून पाहत असतो. काय बोलले गेले ते त्याला ऐकू येत नाही. काहीतरी भयंकर घडले एवढेच कळते. चित्रपटात येथे नाट्यगृह खरोखरचे नाट्यगृह होते. रंगमंचाकडे कुणाचेच लक्ष नसते, सगळे ॲनाकडे पाहत असतात. आपल्या भाषांत 'लोक काय म्हणतील' हे वाक्य घराघरांत ऐकू येते. त्या वाक्याचे दृश्यरूप पाहायचे असेल तर हा प्रसंग पाहावा. व्रॉन्स्की त्याच समाजात मोकळेपणाने वावरतो, ॲनाला मात्र दारे बंद होतात, ही विषमताही येथे स्पष्ट दिसते.

आता या तीन प्रसंगांतील समान सूत्र लक्षात घ्या. किटी, कॅरेनिन, व्रॉन्स्की : कादंबरीत तिन्ही वेळा पाहणारा बदलतो आणि पाहिली जाणारी मात्र ॲनाच असते. तिच्या मनात काय चालले आहे हे टॉलस्टॉय अशा वेळी फारसे सांगत नाहीत. ती चारचौघांत असते तेव्हा निवेदक बहुतेक वेळा तिच्या बाहेर उभा राहतो आणि दुसऱ्या कुणाच्या तरी नजरेतून तिला दाखवतो. म्हणजे राइट यांचे नाट्यगृह हे वरून लावलेले कलम नाही. टॉलस्टॉय यांच्या निवेदनपद्धतीतील एका मोठ्या भागाचे ते अचूक दृश्यरूप आहे. 'चित्रपटाने कादंबरीशी फारकत घेतली' असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर पाहावी.

५. दरवाजाबाहेरचे शेत : लेव्हिन

चित्रपटातील एक दृश्य पाहणाऱ्याच्या चांगलेच लक्षात राहते. किटीचा नकार घेऊन लेव्हिन गावी परत निघतो. नाट्यगृहाचा मागचा मोठा दरवाजा उघडतो आणि समोर बर्फाचे खरेखुरे, अफाट मैदान दिसते. लेव्हिनचे गावाकडील जीवन राइट यांनी खऱ्या निसर्गात चित्रित केले आहे. हिवाळ्यातील काही दृश्ये रशियातील किझी बेटावर घेतली आहेत. शेतकऱ्यांबरोबर गवत कापणारा लेव्हिन खऱ्या शेतात, खऱ्या उन्हात घाम गाळतो. पुढे किटी आजारी निकोलायची शुश्रूषा करते, ते दृश्यही गावाकडचेच. अक्षरांचे ठोकळे मांडून लेव्हिन आणि किटी एकमेकांना मनातले सांगतात, तो प्रसंगही अत्यंत साधा आणि हृद्य आहे. कादंबरीत ही दोघे टेबलावर खडूने शब्दांची केवळ आद्याक्षरे लिहितात. टॉलस्टॉय यांनी स्वतःच्या विवाहापूर्वीचा अनुभव तेथे वापरला आहे.

येथे चित्रपटाचे विधान स्पष्ट होते : शहर म्हणजे नाटक, खेडे म्हणजे सत्य. ॲना नाटकात अडकली म्हणून मेली. लेव्हिन दरवाजा उघडून बाहेर गेला म्हणून वाचला. ही मांडणी सुंदर आहे आणि टॉलस्टॉय यांच्या विचारांत तिला आधारही आहे. पण ती फार सोपी आहे. कादंबरीच्या आठव्या भागात लेव्हिनजवळ सगळे असते : आवडती पत्नी, नुकताच जन्मलेला मुलगा, शेती, आरोग्य. तरीही जगण्याला अर्थ काय, या प्रश्नाने तो इतका ग्रासलेला असतो की गळफास लावून घेऊ या भीतीने दोर लपवून ठेवतो आणि बंदूक घेऊन फिरायचे टाळतो. ज्याला कुणी बघत नाही, ज्याची निंदा कुणी करत नाही, अशा सुखी माणसाच्या मनातही तोच अंधार आहे. ॲनाच्या मृत्यूनंतर लगेच टॉलस्टॉय हे सांगतात. दोन कथा शेजारी ठेवण्यामागे 'वाईट स्त्री, चांगला पुरुष' असा धडा नसून दोघांचा प्रश्न काही अंशी एकच आहे ही जाणीव आहे. चित्रपटातील शेत मात्र त्या अंधाराला जागा देत नाही.

६. गाळलेले घर

आता आपण या घटकातील मुख्य मुद्द्याकडे येतो. कादंबरीच्या सहाव्या भागात ॲना आणि व्रॉन्स्की वोझद्विझेन्स्कोये येथील व्रॉन्स्कीच्या जमीनदारीवर राहतात. पैसा आहे, मोठे घर आहे, व्रॉन्स्की नवे रुग्णालय बांधत आहे. पीटर्सबर्गच्या नजरा दूर आहेत. डॉली तेथे ॲनाला भेटायला जाते. स्वतः ठिगळ लावलेले कपडे घालणारी, मुलांच्या रगाड्यात दमलेली डॉली वाटेत ॲनाचा हेवाच करत असते. व्रॉन्स्की तिला बाजूला घेऊन सांगतो की त्याची स्वतःची मुलगी कायद्याने कॅरेनिनची आहे. पुढे मुले झाली तर तीही कॅरेनिनचीच ठरतील. घटस्फोटासाठी ॲनाचे मन वळवावे, अशी तो डॉलीला विनंती करतो. ॲना मात्र डॉलीला सांगते की तिला आणखी मुले नकोच आहेत. बोलताना ती डोळे बारीक करते. ही नवी सवय डॉलीच्या ध्यानात येते. आयुष्यातले काही दिसू नये म्हणून ती असे करत असावी, असे डॉलीला वाटते.

आणि याच भेटीत टॉलस्टॉय नाटकाची उपमा वापरतात. दिवसभर आपण आपल्यापेक्षा कसलेल्या नटांबरोबर एका नाटकात काम करत आहोत आणि आपल्या वाईट कामामुळे सगळा खेळ बिघडतो आहे, असे डॉलीला वाटत राहते. दुसऱ्या दिवशी ती सुटल्यासारखी आपल्या घरी परतते.

जो चित्रपट संपूर्णपणे नाटकाच्या कल्पनेवर उभा आहे, त्यात ही भेट नाही. टॉलस्टॉय यांना जेथे नाटक दिसले तेथे समाजाचे प्रेक्षागृह रिकामे होते. खेड्यातील त्या घरात पाहणारे असे कुणी उरले नव्हते, तरी खेळ चालूच होता. ॲना व्रॉन्स्कीसमोर सुखी असल्याचे नाटक करत होती आणि त्याहून अधिक स्वतःसमोर. पुढे व्रॉन्स्की प्रांतिक निवडणुकांसाठी काही दिवस जातो, तेव्हा ती मुलीच्या आजाराचे पत्र पाठवून त्याला परत बोलावते. संशय, मत्सर, प्रेम गमावण्याची भीती आणि ते प्रेम पुन्हा पुन्हा तपासून पाहण्याची गरज : ही पडझड याच शांत, खेड्यातील घरात वाढीला लागते.

यावर कुणी म्हणेल की ॲना त्या घरात कोंडली गेली तीच मुळी समाजाने दारे बंद केल्यामुळे. हे खरेच आहे. कुठे जायला नाही, भेटायला कुणी नाही, मुलगा दुरावलेला, म्हणून तिचे सारे आयुष्य एका पुरुषाच्या प्रेमावर टेकले. समाजाची नजर दूर गेली तरी तिने केलेली इजा राहते. पण इजा आत शिरल्यावर ती कशी वाढते, हे दाखवायचे असेल तर आत जावे लागते. नाट्यगृह आपल्याला बाहेरची नजर दाखवते. ती नजर माणूस स्वतःकडे वळवतो त्यानंतर काय होते, हे सांगायला नाट्यगृहाकडे साधन नाही.

७. शेवटचा प्रवास

टॉलस्टॉय यांच्याकडे ते साधन होते. सातव्या भागाच्या शेवटी निवेदनाची पद्धत बदलते. मॉस्कोच्या रस्त्यांवरून बग्गीतून जाणाऱ्या ॲनाच्या मनात आपण प्रवेश करतो. दुकानांच्या पाट्या, रस्त्यावरची माणसे, लहानपणच्या आठवणी, व्रॉन्स्कीवरचा राग, सगळे एकात एक मिसळते. मराठी समीक्षेत ज्याला संज्ञाप्रवाह म्हणतात, त्याच्या फार जवळ जाणारे हे लेखन आहे, आणि ते विसाव्या शतकातील प्रयोगांच्या कितीतरी आधीचे आहे. येथे पाहणारी ॲनाच आहे. इतके दिवस जिच्याकडे सगळे पाहत होते, ती आता जगाकडे पाहते, आणि सगळी माणसे एकमेकांचा द्वेष करतात असे तिला दिसते. हे तिचे निरीक्षण खरे आहे की तिच्या दुखावलेल्या मनाचा तो भ्रम आहे, हे वाचकाला सहज ठरवता येत नाही. शेवटच्या क्षणी हातातील लाल पिशवी निघता निघत नाही म्हणून तिचा खोळंबा होतो. मृत्यूच्या दारातील ही क्षुल्लक अडचण वाचताना अंगावर येते, कारण तोवर आपण तिच्याबरोबर, तिच्या आत असतो.

चित्रपटात या भागासाठी किरा नाइटली यांचा चेहरा, मॉर्फिनची धुंदी आणि रेल्वेचा आवाज एवढ्यावर भिस्त आहे. रेल्वे हे सूत्र राइट यांनी आरंभापासून विणले आहे. सेर्योझाची खेळण्यातील आगगाडी खऱ्या, बर्फाने माखलेल्या गाडीत बदलते, ते दृश्य उल्लेखनीय आहे. नाइटली यांचा अभिनयही प्रामाणिक आहे. पण प्रेक्षकाला तोवर ॲनाकडे लांबून पाहण्याची सवय लागलेली असते. दृश्य बदलताना नेपथ्य कसे सरकले, पडदा कुठून आला, याचे कौतुक करत आपणही तिच्या प्रेक्षकांपैकी एक झालेलो असतो. त्यामुळे तिचा मृत्यू दिसतो, पण पुरेसा लागत नाही.

व्रॉन्स्कीच्या पात्राचेही असेच झाले आहे. कादंबरीतील व्रॉन्स्की फार उंच नसलेला, भक्कम बांध्याचा, काळ्या केसांचा आणि स्वतःच्या मर्यादांत सभ्य असा पुरुष आहे. चित्रपटातील सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा तरुण पोशाखात शोभतो. मात्र ॲनासारखी स्त्री सर्वस्व पणाला लावते ते कशासाठी, याचे उत्तर त्याच्यापाशी सापडत नाही. याउलट ज्यूड लॉ यांचा कॅरेनिन हा चित्रपटाचा खरा लाभ आहे. बोटे मोडणारा, कमी बोलणारा, अपमान गिळणारा आणि एका क्षणी मनापासून क्षमा करणारा हा नवरा खलनायक होत नाही. १९२७ च्या सुखान्तात ज्याला मारून प्रश्न सोडवला, त्याच कॅरेनिनला शेवटच्या दृश्यात राइट फुललेल्या कुरणात बसवतात. जवळच सेर्योझा आणि ॲनाची लहान मुलगी खेळत असतात, आणि ते गवत पसरत पसरत नाट्यगृहभर पोहोचते.

समारोप

ॲना का मरते, या प्रश्नाला १९२७ च्या सुखान्ताने उत्तर दिले : नवऱ्यामुळे. राइट उत्तर देतात : पाहणाऱ्यांमुळे. हे उत्तर पुष्कळ अधिक खोल आहे आणि चित्रपटाने ते दृश्यभाषेत पूर्ण ताकदीने मांडले आहे. टॉलस्टॉय यांच्या उत्तरात नवरा, कायदा, समाज हे सगळे आहेत. त्यांच्या जोडीला, कुणी पाहत नसतानाही स्वतःला सुखाने जगू न देणारे मन आहे.

हा फरक केवळ अभ्यासकांच्या वादाचा नाही. अडथळा फक्त समाज असेल तर ही कथा जुनी झाली असे म्हणता येईल. आज घटस्फोटाचा कायदा आहे, पुनर्विवाह होतो, शहरात कोण कुणाबरोबर राहते हे विचारायला सगळ्यांना वेळ नसतो. मग ॲनाची गोष्ट सुंदर पोशाखांचा एक ऐतिहासिक देखावा म्हणून उरते. पण एका माणसाच्या प्रेमावर आपले सगळे आयुष्य टेकवले की त्या प्रेमाचे काय होते, हा प्रश्न कोणत्याही कायद्याने सुटलेला नाही. म्हणून हा चित्रपट अवश्य पाहावा. समाजाची नजर म्हणजे काय ते तो शिकवतो. आणि तो पाहून झाल्यावर कादंबरीतील डॉलीची ती भेट आणि ॲनाचा बग्गीतील प्रवास वाचावा. प्रेक्षागृह रिकामे झाल्यावर काय उरते, ते तेथे कळते.

स्वाध्याय

१. नृत्यसमारंभ, शर्यत आणि ऑपेरा या तीन प्रसंगांत 'पाहणारा कोण' हे कादंबरी आणि चित्रपट यांच्या आधारे स्पष्ट करा.

२. लेव्हिनचे शेत नाट्यगृहाच्या बाहेर ठेवल्यामुळे चित्रपटाच्या अर्थावर कोणता परिणाम होतो? आपले मत सकारण मांडा.

३. आपल्या भाषेतील एखाद्या कथा-कादंबरीवर आधारित चित्रपट निवडा. मूळ कृतीतील अडथळा आणि चित्रपटातील अडथळा एकच आहे का, ते तपासा.

४. माणसाच्या मनातील विचार दाखवण्यासाठी चित्रपटाकडे कोणती साधने असतात? आपण पाहिलेल्या एखाद्या दृश्याच्या आधारे चर्चा करा.